सड्यावर येण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. कातळशिल्पांसाठी काहीतरी करायचंय, ड्रोनही घेतलाय, तर सुरुवात कुठून करू, असं विचारलं आहेस. तलाठ्याकडून कर. हसू नकोस. सातबारा काढलास की सड्याच्या, म्हणजे आपल्या कोकणातल्या उघड्या कातळपठाराच्या, जमिनीपुढे बहुतेक वेळा ‘पोटखराबा’ लिहिलेलं दिसेल. म्हणजे लागवडीला निरुपयोगी. एकदा निरुपयोगी म्हटलं की चिरेखाण आलीच, आणि यंत्राच्या पात्याला खाली हत्ती कोरलाय की मासा, याच्याशी काय देणंघेणं?

गावाला विचार सडा कशाला लागतो ते. सड्याच्या जांभ्या दगडात मुरलेलं पावसाचं पाणीच खालच्या वाडीच्या विहिरीत उतरतं. पावसाच्या सुरुवातीला दीपकाडी पांढरी फुलते, पुढे ‘सीतेची आसवं’ या फुलांनी कातळ निळाजांभळा होतो, गुरं तिथेच चरतात. आणि त्याच कातळावर कशेळी गावचा सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती आहे. कोकणात आज औषधालाही न सापडणारा गेंडासुद्धा कोणीतरी इथे कोरून ठेवलाय! शिल्प तेवढं राखायचं आणि सडा जाऊ द्यायचा, हे मला कधी पटलं नाही.

2022 मध्ये महाराष्ट्र-गोव्यातली कातळशिल्पांची 9 ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. बरं झालं. पण जमीन बरीचशी खाजगी. एकेका सातबारावर वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला. गणपतीत आणि शिमग्याला सगळे गावी येतात, तेव्हा गाठ त्यांना. उक्षी गावात कोरलेल्या हत्तीभोवती कठडा आहे, तो जाऊन बघ. जमीनवाला आणि गाव राजी नसते तर तो उभा राहता ना.

आता माझीच एक चूक सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी फोटो नीट यावा म्हणून एका माशावरचं शेवाळ मी तारेच्या ब्रशने घासलं. फोटो झकास आला. माशाच्या पाठीवर मात्र पांढरे ओरखडे उठले, ते अजून आहेत. दर खेपेला नजर आधी तिथेच जाते. म्हणून तू फक्त हिराची केरसुणी आण आणि माती हलक्या हाताने सार. रेषांत खडू, रांगोळी, चुना काही भरायचं नाही. सकाळी सातच्या किंवा उतरत्या उन्हात ये. तिरप्या उजेडात रेषा आपोआप उठून दिसतात, भर दुपारी चित्रावर उभं राहूनही चित्र सापडत नाही.

ड्रोन राहू दे घरी. आमच्या वाडीत एक गुराखी आजोबा आहेत, पहिले दोन दिवस त्यांच्या मागून नुसतं चालायचं. ते बोलतात कमी; मध्येच काठी टेकून थांबले की समजायचं, पायाखाली काहीतरी आहे. त्यांना तंबाखू नेऊ नकोस, डॉक्टरांनी बंद केलीय. बुंदीचे लाडू चालतील.

आणि टोपी विसरू नकोस, वर सावलीला एक झाड नाही.

तुझा,
काका