एम.एस्सी., बी.एड. असूनही शाळांमध्ये निवड होत नाही; अर्ज आणि मुलाखतीची तयारी कशी करावी?

आपण लिहिले आहे की रसायनशास्त्रात एम.एस्सी. आणि नंतर बी.एड. झाल्यावर आपण पुण्यात एका खाजगी शिकवणी वर्गात शिकवत आहात, बऱ्याच शाळांकडे अर्ज पाठवले आहेत, मोजक्या ठिकाणी मुलाखतीला बोलावले गेले आणि तिथेही नमुना पाठ घेऊन झाल्यावर ‘कळवतो’ एवढेच उत्तर मिळाले. पर्यवेक्षक किंवा मुख्याध्यापक या पदांसाठी आतापासूनच प्रयत्न करावा का, हाही आपला प्रश्न आहे. मी माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक होतो आणि निवड समितीत बसण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली, त्या आधारावर उत्तर देत आहे.

आपण सर्व शाळांना एकच अर्ज पाठवत असाल, तर आधी शाळांची विभागणी करावी. अनुदानित खाजगी शाळा आणि जिल्हा परिषद, महानगरपालिका यांच्या शाळा यांमधील शिक्षक भरती ‘पवित्र’ या राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलद्वारे होते, त्यामुळे तिथे संस्थेच्या कार्यालयात अर्ज नेऊन देण्याचा काही उपयोग नसतो. त्या मार्गासाठी शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यावी लागते. ही चाचणी २०१७, २०२३ आणि २०२५ मध्ये झाली. दोनशे गुण, त्यांपैकी १२० अभियोग्यतेचे व ८० बुद्धिमत्तेचे, आणि वेळ दोन तास. चाचण्यांमधले हे अंतर पाहता केवळ तिच्या भरवशावर वर्षे काढणे शहाणपणाचे नाही; मात्र ती जाहीर होईल तेव्हा देण्याचे टाळूही नये. सहावी ते आठवीच्या पदासाठी शिक्षक पात्रता परीक्षेचा दुसरा पेपर उत्तीर्ण असणे आवश्यक आहे, तेव्हा तो दिला नसेल तर आधी तो द्यावा. पहिली ते पाचवीच्या जागांचा विचार आपण सोडून द्यावा, कारण त्या वर्गांसाठी बी.एड. ही अर्हता चालत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला आहे.

पोर्टलवर खाजगी संस्थांना मुलाखतीशिवाय आणि मुलाखतीसह असे दोन पर्याय असतात. आपले स्वप्रमाणपत्र (स्वतःच्या माहितीचा ऑनलाइन अर्ज) भरताना बी.एड.च्या अध्यापन पद्धती, माध्यम आणि प्रवर्ग यांच्या नोंदी मूळ कागदांशी तंतोतंत जुळल्या पाहिजेत. चाचणीत उत्तम गुण मिळवलेले उमेदवार कागदपत्र पडताळणीत बाद होतात ते बहुधा अशाच नोंदींमुळे. निवड झाल्यावर पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काम करावे लागते आणि ते मानधन जानेवारी २०२३ पासून माध्यमिकसाठी दरमहा १८,००० व उच्च माध्यमिकसाठी २०,००० रुपये आहे. घरच्या जबाबदाऱ्या असतील तर हा आकडा आधीच हिशेबात धरावा.

आपल्याला थेट अर्ज करता येतो तो स्वयंअर्थसहाय्यित शाळांमध्ये, मग त्या राज्य मंडळाच्या असोत वा केंद्रीय मंडळाच्या. इथे अर्ज एका पानाचा असावा आणि पहिल्या चार ओळींतच आपण कोणता विषय, कोणत्या इयत्तांना, कोणत्या माध्यमातून शिकवू शकता हे कळावे. माझ्यापुढे येणाऱ्या बहुतेक अर्जांत जिद्द, चिकाटी आणि नेतृत्वगुण यांची यादी असे, पण उमेदवार नववीला गणितही घेऊ शकेल का, हे शोधूनही सापडत नसे. एखादी शिक्षिका प्रसूती रजेवर गेल्याने किंवा तुकडी वाढल्याने पडलेले तास भरून काढणे ही शाळेची त्या घडीची गरज असते, आणि अर्ज वाचणारा माणूस तेवढेच शोधत असतो. शिकवणी वर्गातील अनुभव लपवू नये, तसाच तो शाळेतील अनुभव म्हणून दाखवूही नये. किती मुलांच्या गटाला, कोणते घटक शिकवले, प्रयोग करून घेतले की नाही, असे नेमके लिहिले तर त्याचे मोल होते. ‘शंभर टक्के निकाल’ हे शब्द मात्र वगळावेत. जिथे निवडक मुलेच प्रवेश घेतात तिथल्या निकालाचा अर्थ समितीतील प्रत्येक जण जाणतो.

आता पाठाविषयी, कारण माझ्या मते आपली अडचण तिथेच आहे. समितीतील बहुतेकांचे मत पाठाच्या पहिल्या काही मिनिटांत बनते आणि पुढची प्रश्नोत्तरे ते मत पक्के करण्यापुरतीच असतात, हे उघडपणे कोणी सांगत नाही. शिकवणीतून आलेल्या उमेदवारांची एक सवय मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे: ते फळ्याकडे तोंड करून अखंड बोलतात, दहा मिनिटांत अर्धे प्रकरण संपवतात आणि दर दोन मिनिटांनी ‘समजले का?’ असे विचारून मुलांच्या सामूहिक होकारावर समाधान मानतात. शिकवणीत हे खपते, कारण तिथे अभ्यासक्रम पूर्ण करणे हाच करार असतो. शाळेच्या वर्गात मात्र शेवटच्या बाकावरचा मुलगा काय करतो आहे, याकडे समितीचे लक्ष असते.

नववीचा ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ हा घटक घ्या. एक उमेदवार व्याख्या लिहून सुरुवात करतो. दुसरी उमेदवार हळदीचा डाग पडलेला पांढरा कपडा वर्गात आणते, त्यावर ओला साबण चोळते, डाग लाल झाल्यावर ‘असे का झाले असावे?’ एवढेच विचारते आणि उत्तर येईपर्यंत गप्प उभी राहते. मुले चुकीची उत्तरे देतात, ती उत्तरेही ही उमेदवार फळ्यावर लिहिते, मग लिंबाचा रस टाकून डाग पुन्हा पिवळा करून दाखवते आणि त्यानंतरच ‘दर्शक’ हा शब्द फळ्यावर येतो. दुसऱ्या पाठात माहिती पहिल्यापेक्षा कमी सांगितली गेली, तरी माझे गुण तिलाच पडतील. गप्प उभे राहण्याचे ते काही क्षण उमेदवारांना फार जड जातात, म्हणून त्यांचा सराव करावा. पाठ एकाच मुद्द्याचा असावा, फळ्यावर वरच्या कोपऱ्यात घटक व इयत्ता लिहावी, मुलांना नावाने हाक मारावी (नावे आधी विचारून घेतली तर ते कोणालाही वावगे वाटत नाही) आणि शेवटी एक लहानसा प्रश्न वहीत सोडवायला देऊन दोन-तीन वह्या स्वतः फिरून पाहाव्यात. अनेक शाळांत पाठ प्रत्यक्ष वर्गाऐवजी समितीपुढेच घ्यायला लावतात. तेव्हा समितीतील सदस्यांनाच विद्यार्थी समजून प्रश्न विचारण्यास संकोचू नये.

प्रश्नोत्तरांत विषयज्ञानावर वेळ कमी जातो. आपल्याला हमखास विचारले जाईल की निवड झाल्यावर शिकवणी चालू ठेवणार का. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही. हा कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणापुरता असला तरी आपले उत्तर स्पष्ट ‘नाही’ असेच असावे आणि तसे वागण्याची तयारी नसेल तर अर्जच करू नये. त्याच कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला मनाई केली आहे, त्यामुळे ‘मुले ऐकत नसतील तर काय कराल?’ या प्रश्नाला ‘थोडा धाक लागतोच’ असे हसत दिलेले उत्तर महागात पडते. एखाद्या विद्यार्थिनीने लैंगिक त्रासाबद्दल विश्वासाने काही सांगितले तर काय कराल, हेही हल्ली विचारतात. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. ‘आधी पालकांना बोलावून शाळेतच मिटवीन’ हे उत्तर चांगल्या हेतूने दिलेले असले तरी चुकीचे आहे.

पर्यवेक्षक आणि मुख्याध्यापक पदांबाबत आपण सध्या घाई करू नये. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी नियमावली, १९८१ नुसार माध्यमिक मुख्याध्यापकासाठी पदवी व बी.एड. बरोबर पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव लागतो, त्यांपैकी किमान दोन वर्षे बी.एड. नंतरची हवीत, आणि शिकवणी वर्गातील वर्षे त्यात धरली जात नाहीत. शिवाय अनुदानित शाळांत हे पद सामान्यतः सेवाज्येष्ठतेने भरले जाते, त्यामुळे बाहेरून अर्ज करण्यास वावच थोडा असतो. स्वयंअर्थसहाय्यित शाळा जाहिरात देतात, परंतु तिथल्या मुलाखतीत शिकवण्यापेक्षा कारभार विचारतात: जनरल रजिस्टरमधील (विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदवहीतील) जन्मतारीख पालकाच्या तोंडी विनंतीवरून बदलता येईल का, फी थकली म्हणून शाळा सोडल्याचा दाखला अडवता येईल का, दोन शिक्षक एकाच दिवशी गैरहजर असतील तर तासांची सोय कशी लावाल. या गोष्टी शाळेच्या कार्यालयात ज्येष्ठ लिपिकाशेजारी बसूनच कळतात. शिक्षक म्हणून रुजू झाल्यावर वेळापत्रक, परीक्षा विभाग किंवा यू-डायसची (शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीची) माहिती भरणे यांपैकी एक काम स्वतःहून मागून घ्यावे.

एक विषय आपण विचारलेला नाही, तरी लिहितो. काही संस्था ‘देणगी’ मागतात आणि नंतर मान्यता मिळवून देऊ, असे सांगतात. असे पैसे देऊ नयेत. नीतीची बाजू तर आहेच, पण व्यवहाराची बाजूही तितकीच स्पष्ट आहे: नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ क्रमांक (शासनाच्या वेतन प्रणालीतील शिक्षकाचा क्रमांक) नियमाने मिळालेले नसतील तर अनेक वर्षांनंतरही चौकशी उघडते, पगार थांबतो आणि वसुली निघते. नागपूर विभागातील बनावट शालार्थ क्रमांकांचे प्रकरण २०२५ मध्ये उघडकीस आल्यानंतर ही शक्यता कागदावरची राहिलेली नाही. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, ठेवून घेऊ देऊ नयेत. स्वाक्षांकित प्रतीच द्याव्यात. नेमणुकीचा आदेश लेखी घ्यावा आणि त्यात पद, वेतन व नेमणुकीचे स्वरूप लिहिलेले आहे ना, हे तपासावे. शिक्षण सेवकाचा तीन वर्षांचा कालावधी सोडला तर कायम रिक्त पदावर परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) काळ खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांविषयीच्या १९७७ च्या अधिनियमाप्रमाणे दोन वर्षांचा असतो, तेव्हा दर एप्रिलमध्ये सेवा संपवून जूनमध्ये नवा आदेश देण्याची भाषा कोणी करू लागले, तर सही करण्यापूर्वी ते पद कायम आहे की तात्पुरते, याचे उत्तर लेखी मागावे.