अपडेट चालू असताना लाइट गेली, मॅक मिनी उठतच नाही

प्रश्न: दादा, मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचं डिझाइन करते. माझ्याकडं ॲपलचा २०१८चा मॅक मिनी कॉम्प्युटर आहे. परवा अपडेट चालू होतं आणि लाइट गेली, तवापासून बटण दाबलं तरी स्क्रीन काळीच. दुकानवाला म्हणतो एसएसडी, म्हणजे डेटा साठवायची डिस्क, काढून दुसऱ्या मशीनला लावतो, डेटा मिळेल. तीन वर्षांच्या जॅकार्डच्या (विणकामातल्या नक्षीच्या) फायली आहेत त्यात आणि बॅकअप नाही, देऊ का?

उत्तर: ताई, देऊ नका. ह्या मशीनमध्ये टी२ नावाची सिक्युरिटी चिप असते, एसएसडीवरचा सगळा डेटा लॉक करायची किल्ली त्या चिपमध्येच असते, आणि एसएसडी तर बोर्डालाच सोल्डर केलेली, त्यामुळं ती काढून दुसरीकडं लावली तरी हातात काहीच येणार नाही, उलट बोर्ड जायचा.

आधी साधं करून बघा. पॉवरची वायर काढा, १५ सेकंद थांबा, परत लावा, अजून ५ सेकंदांनी बटण दाबा. मॉनिटरची केबलपण बदलून बघा.

नाहीच उठलं तर अपडेट अर्धवट राहून चिपचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, बिघडलं असणार, असं क्वचित होतं पण होतं. त्याला दुसरा चालू मॅक लागतो, कुणा ओळखीच्याचा घ्या. त्यावर ॲपल कॉन्फिगरेटर टाका, फुकट आहे, नेट मात्र चालू पाहिजे. दोन्ही मशीन डेटावाल्या यूएसबी-सी केबलनं जोडा, थंडरबोल्ट ३ची केबल नको, आणि तुमच्या मिनीला एचडीएमआयच्या शेजारचंच पोर्ट. मिनीची पॉवर आधी निदान १० सेकंद काढलेली असू द्या, मग बटण दाबून धरूनच वायर लावा आणि अजून ३ सेकंद धरून ठेवा. मिनीच्या स्क्रीनवर काहीच दिसणार नाही, घाबरू नका, दुसऱ्या मॅकवर डीएफयूचं (फर्मवेअर भरायच्या मोडचं) चिन्ह आलं की जमलं.

आता इथं नीट बघा. तिथं दोन पर्याय येतात, रिव्हाइव्ह आणि रिस्टोअर. रिव्हाइव्ह फक्त फर्मवेअर नवं घालतं, फायलींना हात लावत नाही. रिस्टोअर सगळं पुसून टाकतं, आणि पुसलं की ते परत येत नाही. घाईत कुणालाही ते दाबू देऊ नका, रिव्हाइव्ह एकदा फेल गेलं तर केबल बदलून परत करा, पुन्हा करा.

चालू झालं की पहिलं काम बाहेरच्या डिस्कवर फायली काढायचं, अपडेट त्यानंतर, आणि तेही यूपीएस लावून.