मुलाने बॉल मारून टीव्हीचा पडदा फोडला. क्लेमच्या फॉर्मवर कारण काय लिहू?

‘बॉल लागला असं लिहिलंस तर निष्काळजीपणा म्हणून क्लेम उडवतील, त्यापेक्षा लाइट कमी-जास्त झाली असं लिही’ असं तुमचा मित्र म्हणतो, हे तुम्ही प्रश्नातच सांगितलंय. नेमका हाच सल्ला आमच्या घरात माझ्या धाकट्या दिरांनी दिला होता, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

बॉल लागला असंच लिहा. मुलगा घरात खेळत होता, अमुक वाजता बॉल पडद्यावर बसला. त्यापुढे कथा नको.

आता आमचं ऐका. दिवाळीच्या साफसफाईत सासूबाईंनी टीव्ही पुसायला घेतला. काचा पुसायचा निळा स्प्रे थेट पडद्यावर मारला आणि वर्तमानपत्राच्या बोळ्याने चकचकीत पुसून काढला. संध्याकाळी मालिका लावली तर उजवीकडे रंगीत उभ्या रेषा, आणि मालिका संपायच्या आत निम्मा पडदा काळा. आईंचा चेहरा पाहवत नव्हता. दीर आलेले होतेच. चकली मोडता मोडता त्यांनी निकाल लावला, “वहिनी, व्होल्टेज वाढलं म्हणून सांगा. आईचं नाव कशाला पुढे करता?” जणू मी सासूबाईंवर फिर्यादच करायला निघाले होते.

मी आधी टीव्हीच्या नुकसानभरपाईच्या प्लॅनचा कागद काढला. टीव्ही घेताना दुकानदाराने गळ्यात मारलेला, तोवर कुणी उघडूनही न पाहिलेला. पहिल्याच पानावर होतं, अपघाती नुकसान आणि पाणी किंवा इतर द्रव सांडून झालेलं नुकसान मिळणार. मागच्या पानावर बारीक अक्षरात काय मिळणार नाही त्याची यादी: ओरखडे, गंज, उंदीर-झुरळं आणि व्होल्टेजमधला चढउतार. म्हणजे जे घडलं ते सांगितलं तर पैसे, आणि भाऊजींची थाप मारली तर भोपळा! हे त्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, “कागदावर काय काहीही लिहितात.”

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा मुलगा आठवडाभराने आला. पलंगावर चादर अंथरून त्याने टीव्ही पालथा घातला, मागचं कव्हर काढलं आणि टॉर्च मारून मला जवळ बोलावलं. पडद्याच्या खालच्या कडेला तपकिरी पट्ट्या चिकटवलेल्या असतात, पडद्याला सिग्नल त्यांतून जातो. त्यातल्या दोन पट्ट्यांच्या जोडावर पांढरट-हिरवं पुट चढलेलं. म्हणाला, “ताई, स्प्रे ओघळून फ्रेमच्या फटीत उतरतो. दिवाळीत हेच कॉल असतात.” पॉवर बोर्ड मात्र स्वच्छ. व्होल्टेजने सेट गेला असता तर फ्यूज उडालेला, कपॅसिटर फुगलेला, बोर्डवर काळा डाग, असं काहीतरी दिसलं असतं. त्याने फोटो काढले आणि जॉबशीटवर लिक्विड डॅमेज लिहिलं. तुमच्या पडद्यावर तर बॉल लागला तिथून कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेले असणार. लाइटने काच फुटते हे कुठल्या टेक्निशियनला पटवणार आहात?

एस्टिमेट 31 हजारांचं झालं, हातात 26 हजार आणि वर काहीशे आले. घसारा कापला. भाऊजी अजून म्हणतात, “हरिश्चंद्राची सून! खरं बोलून साडेचार हजार घालवलेत.” अहो, घसारा टीव्हीच्या वयावर कापतात, कारण काहीही लिहा.

आणि त्यांचं स्वतःचं काय झालं? वॉशिंग मशीनची वायर उंदराने कुरतडली, यांनी फॉर्मवर व्होल्टेज लिहिलं. टेक्निशियनच्या फोटोत दातांच्या खुणा आणि बाजूला लेंड्या. क्लेम नामंजूर. तेव्हापासून ‘विमावाले चोर’ हे पालुपद चालू आहे. उंदीर त्यांच्या प्लॅनमध्येही वगळलेला होता, म्हणजे खरं लिहूनही पैसे मिळाले नसते, हे मान्य. पण वायर सातशे रुपयांत बदलून झाली असती. यांचा पत्रव्यवहार चालू असेपर्यंत चादरी कुणी धुतल्या, ते माझ्या जावेला विचारा.

असो. तुमचा सेट कुणालाही उघडू देऊ नका, गल्लीतल्या ओळखीच्या मेकॅनिकलासुद्धा नाही. भंगारातही देऊ नका, पूर्ण रक्कम मिळाली तर मोडका सेट बहुतेक वेळा कंपनी घेऊन जाते. मागचा सिरीयल नंबर बिलावरच्या नंबराशी जुळतो का बघा. कळवायची मुदत प्लॅनमध्ये असते, ती चुकवली की पुढचं सगळं फुकट.

क्लेम नाकारला तर कागदावर विमा कंपनीचं नाव आहे का ते आधी शोधा. असेल तर त्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, फक्त त्यानंतर एक वर्षाच्या आत जायचं. नुसतंच दुकानाचं नाव असेल तर तो विमाच नव्हे, तिथे लोकपाल काही करू शकत नाही. मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन, नाहीतर सरळ जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथेही फी पडत नाही आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

घराच्या विम्यावर कुणी भरवसा ठेवत असेल तर तेही सांगते. 1 एप्रिल 2021 पासून जी भारत गृह रक्षा पॉलिसी मिळते, त्यात आग, पूर, वीज पडणं वगैरे आहे. पण शॉर्ट सर्किटने किंवा जादा दाबाने जे यंत्र जळलं, त्या यंत्राचे पैसे त्यात वगळलेत. म्हणजे भाऊजींचं लाडकं कारण तिथेही चालत नाही.

एक राहिलं. प्लॅनवर अपघाती नुकसान हे शब्द सापडले नाहीत आणि नुसती एक्स्टेंडेड वॉरंटी निघाली, तर वरचं सगळं बाद. फुटलेला पडदा वॉरंटीत कुणीच देत नाही. तेव्हा नव्या पॅनलच्या फंदात पडू नका, त्या पैशात थोडी भर घातली की नवा सेट येतो. जुन्याचा मदरबोर्ड आणि पॉवर बोर्ड चालू असेल तर मेकॅनिक सुट्या भागांसाठी घेतात, एक्स्चेंजपेक्षा बरे पैसे देतात. घासाघीस मात्र करावी लागते.