पहिल्या मोटारहोममध्ये आधी काय भरावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : परभणीत घेतलेली १३ आसनी जुनी गाडी आतून पलंग, ओटा आणि वायरिंग करून तयार झाली आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत पत्नी, दोन मुले आणि आई यांना घेऊन पहिल्यांदा निघायचे आहे, पैसे मोजकेच उरले आहेत आणि परदेशी व्हिडिओंतल्या याद्या संपता संपत नाहीत, तेव्हा आधी काय घ्यावे? मी लातूरला राहतो. आमची अशीच गाडी चार वर्षांपासून वापरात आहे, आणि पहिल्या वर्षी आम्ही नेमकी उलट्या क्रमाने खरेदी केली होती, म्हणून क्रमाविषयीच जास्त लिहितो. त्या परदेशी याद्या ज्या मुक्कामतळांसाठी केलेल्या असतात, तिथे गाडीशेजारी पाण्याचा नळ आणि विजेचा खांब असतो आणि चिंता असते ती थंडीची. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि नळ, खांब यांपैकी काहीही गृहीत धरता येत नाही. त्यामुळे त्यांचा हीटर, गीझर आणि लांबलचक केबल बाजूला ठेवावी. आपल्या यादीत पाणी, सावली आणि पंखा यांना पहिला मान आहे.

मात्र त्याही आधी गाडी एकदा काट्यावर न्यावी. जिनिंगचा काटा असो की साखर कारखान्याचा, टाकी भरून, सगळी माणसे बसवून आणि सामान लादून वजन करावे आणि आरसी बुकावर लिहिलेल्या कमाल वजनाशी ताडून पाहावे. शक्य असल्यास पुढची आणि मागची चाके वेगवेगळी चढवून पाहावीत, कारण सगळे जड सामान मागच्या दाराशी साठले की पुढची चाके हलकी होतात आणि वेगात स्टिअरिंग तरंगल्यासारखे वाटते. आमची गाडी पहिल्यांदा काट्यावर चढली तेव्हा काटेवाल्याने पावती हातात देत विचारले, “साहेब, यात सिमेंट भरलंय का?” प्लायवूडची कपाटे दिसतात त्यापेक्षा फार जड असतात. काट्यावर उरलेले किलो हाच आपला खरा खर्चाचा हिशेब समजावा.

या किलोंमधले सर्वांत मोठे गिऱ्हाईक पाणी आहे, कारण १०० लिटर म्हणजे सरळ १०० किलो. पाच माणसांना उन्हाळ्यात पिण्यासाठी दिवसाला २० लिटर तरी लागतात. स्वयंपाक, भांडी आणि हात-पाय धुणे काटकसरीने केले तरी आणखी ३० ते ४० लिटर जातात. म्हणून दोन दिवस पुरेल असा साठा ठेवावा : वापराच्या पाण्याची ८० लिटरची टाकी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांच्या मध्ये, शक्य तितकी खाली बसवलेली, आणि पिण्यासाठी २० लिटरचे दोन वेगळे जार. मुक्कामाच्या गावी भरून घेऊ, असे म्हणून निघू नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये माझ्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीला प्रत्येकी ५० हजार लिटरच्या १० वाघिणी होत्या. ते दिवस पाहिलेला माणूस ऐन मे महिन्यात कुणाच्या दारात १०० लिटर पाणी मागायला संकोचतो, आणि संकोचावेच. शेतातल्या बोअरवर कुणी आपुलकीने भरू दिले तर १५ मीटरचा पाइप, नळाच्या दोन-तीन मापांचे जोड आणि तोंडाला बांधायला सुती फडके जवळ असावे. बोअरचे पाणी बहुधा क्षारयुक्त असते, त्यामुळे ते टाकीत जावे, जारमध्ये नाही. विजेचा छोटा पंप छान असतो, पण आम्ही आता बेसिनवर पायाने दाबायचा पंप बसवला आहे. त्याने मुलांच्या हातून पाण्याची उधळपट्टी आपोआप थांबली.

विजेचा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय बॅटरी घेऊ नये. २५ वॅटचे दोन पंखे दहा तास चालले तर ५०० वॅट-तास, दिवे आणि मोबाइल मिळून दीडशेच्या आसपास, आणि १२ व्होल्टचा छोटा फ्रिज घेतलाच तर दिवसाला आणखी ५०० ते ६००. शंभर अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत १,२८० वॅट-तास असतात आणि त्यांतले हजारभर निर्धास्त वापरता येतात. तेवढ्याच क्षमतेच्या साध्या इन्व्हर्टरच्या बॅटरीतून निम्मेच वापरावेत, नाहीतर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, शिवाय तिचे वजन दुपटीहून जास्त असते. म्हणजे एका लिथियम बॅटरीवर पंखे आणि दिवे आरामात चालतात, फ्रिज घेतल्यास ती एकटी पुरत नाही, आणि एक टनाचा एसी तासाभरात सगळे संपवतो. एसीचा विचार या वर्षी सोडून द्यावा.

सोलर पॅनेलबाबत एक पेच आपल्याकडेच जास्त जाणवतो. दुपारी गाडी लिंबाखाली लावली तर माणसे सुखी आणि पॅनेल उपाशी. उन्हात लावली तर उलट. त्यातून पॅनेल जितके तापेल तितके ते कमी वीज देते, साधारण २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला ०.४ टक्के. टपावर बसवायचे असेल तर खाली दोन-तीन बोटे हवा खेळती ठेवावी, पण माझे मत विचाराल तर पहिल्या वर्षी घडीचे सुटे पॅनेल आणि दहा मीटर वायर घ्यावी. गाडी सावलीत आणि पॅनेल उन्हात, हे त्यानेच जमते. बॅटरीसुद्धा इंजिनाजवळ किंवा ऊन लागणाऱ्या बाजूला नसावी. ४५ अंशांच्या वर तापलेली लिथियम बॅटरी चार्ज करणे तिला सोसत नाही.

वायरिंग झाले आहे, असे आपण लिहिले आहे. तरीही इन्व्हर्टर आणि बॅटरी यांच्यामधली वायर स्वतः पाहावी. आमच्या गाडीत ते काम करणाऱ्याने घरगुती वायर वापरली होती. नळदुर्गच्या पहिल्याच मुक्कामी बायकोने चटणीसाठी मिक्सर लावला, आणि मिनिटाभरात प्लॅस्टिक जळाल्याचा उग्र वास आला. पलंगाखालची फळी उचलली तर वायरचे लाल आवरण मऊ होऊन लगजवळ (वायरच्या टोकाला असलेल्या धातूच्या जोडाजवळ) मेणासारखे ओघळले होते. घरात २३० व्होल्टवर १,००० वॅटना चार-साडेचार अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर त्यालाच ९० अँपिअरच्या आसपास लागतात. म्हणून ती वायर किमान २५ चौरस मिलिमीटरची आणि शक्य तितकी आखूड असावी, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात योग्य क्षमतेचा फ्यूज असावा. तो फ्यूज नसेल तर बाकी काहीही घेण्याआधी तोच घ्यावा. सोबत आयएसआय खुणेचा दोन किलोचा पावडरचा अग्निशामक, आणि तो दाराजवळ हाताला लागेल असा. ओट्याच्या पलीकडे अडकवला तर आग ओलांडून तो घ्यावा लागेल.

गॅससाठी ५ किलोचा सिलिंडर पुरतो. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर ती जमिनीलगत साचते, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूला बाहेर उघडणारी झरोके हवीत. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद, जोडांना महिन्यातून एकदा साबणाचे पाणी, आणि झोपताना आत शेगडी किंवा कोळसा कधीही पेटता नाही. भाकरी थापायच्याच असतील तर बाहेर. बंद गाडीत अर्धा तास तवा तापला तर रात्रभर घाम पुसावा लागतो. पहिले दोन दिवस धपाटे, कडक भाकरी आणि जवसाची चटणी यांवर निघतात.

सावलीसाठी महागडे गुंडाळते छत घेऊ नये. कृषी सेवा केंद्रात मिळणारी ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट तीन बाय पाच मीटर घेऊन कडा शिवून घ्याव्यात. दोन बांबू आणि चार खुंट्यांवर ती उत्तम उभी राहते. खिडक्यांना डासांची जाळी मात्र आत्ताच बसवून घ्यावी.

आता काळ्या मातीविषयी. एप्रिलमधल्या एका अवकाळी पावसानंतर औशाजवळ आम्ही सडक सोडून दहा पावले शेताकडे गाडी घेतली, आणि पुढची चाके ताटाएवढा चिखल गुंडाळून बसली. शेतकऱ्याने बांधावरच्या तुराट्यांच्या पेंढ्या चाकांखाली घातल्या, ट्रॅक्टर आणला आणि आमच्याकडे दोर आहे का, असे विचारले. आमच्याकडे टीव्ही होता, दोर नव्हता. त्यांच्या साखळीने बंपर वाकला तो आजही तसाच आहे. तेव्हापासून जाड नायलॉनचा पट्टा, फावडे आणि जॅकखाली ठेवायला फूटभर लांबीरुंदीची जाड फळी आमच्याकडे कायम असते, कारण ओल्या काळ्या मातीत जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो. स्टेपनीतली हवा आणि टायरवरचे चार अंकी वर्षसुद्धा पाहावे : २३१९ म्हणजे २०१९ मधला २३ वा आठवडा. जुन्या गाडीसोबत आलेले टायर वरून नवेकोरे दिसले तरी वयाने म्हातारे असू शकतात.

कागदांचे एकच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या रचनेतला बदल आरटीओच्या नोंदीत असावा लागतो. तो झाला नसेल तर आधी करून घ्यावा आणि विमा कंपनीला लेखी कळवावा.

खरेदी झाल्यावर दोन रात्री स्वतःच्या अंगणात गाडीतच झोपावे, घरातून काहीही न आणता. आईंना रात्री उठून पायरी उतरता येते का, हे तिथेच कळेल. आम्हाला त्यामुळेच एक पायरी आणि हाताला धरायची दांडी वाढवावी लागली. त्यानंतरच, समजा, वेरूळकडे निघावे, फक्त मंगळवारी नको, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. अजिंठ्याची सुट्टी सोमवारी. चार वर्षांत आमच्या गाडीतून टीव्ही, इंडक्शन शेगडी, दुसरा सिलिंडर आणि १२ स्टीलची ताटे उतरली आहेत, आणि नव्याने चढलेली वस्तू म्हणजे एक तांब्याची कळशी.