गोळी पोटात गेली, पण अंगी लागली का?

जीवनसत्त्वं, क्षार आणि पाणी यांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. मात्रेचे आकडे निरोगी प्रौढांसाठीचे आहेत. जिथे वेगळे आहेत तिथे तसं म्हटलं आहे.

प्रश्न: हिमोग्लोबिन ९.२ आलं म्हणून तीन महिन्यांपूर्वी लोहाची गोळी सुरू झाली. सकाळी न्याहारी झाली की चहाबरोबर लोहाची, कॅल्शियमची आणि ॲसिडिटीची अशा तिन्ही गोळ्या एकदमच घेऊन टाकते, म्हणजे नंतर विसरायला नको. एकही दिवस चुकलेला नाही. परवा तपासलं तर ९.६! गोळी बदलून घेऊ का?

उत्तर: गोळी राहू द्या, आधी तिची संगत बदला. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि तोवर ते विरघळलेलं राहायला जठरातलं आम्ल लागतं. ॲसिडिटीच्या गोळीने ते आम्ल कमी केलं. चहातल्या टॅनिनने उरलेलं लोह बांधून ठेवलं. त्यातून जे सुटलं त्याच्या शोषणात कॅल्शियम आडवं आलं. नियम तुम्ही काटेकोर पाळलात, पण वेळ नेमकी सगळ्यात वाईट निवडली गेली.

असं करून बघा. लोहाची गोळी सकाळी उठल्यावर, न्याहारीच्या तासभर आधी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर निदान तासभर, जमल्यास दोन तास, चहा-कॉफी आणि दूध नको. कॅल्शियम रात्रीच्या जेवणासोबत न्या. ते कार्बोनेट असेल तर जेवणाबरोबरच नीट शोषलं जातं, आणि एका वेळी ५०० मि.ग्रॅ.च्या वर देऊन उपयोग नसतो. ॲसिडिटीची गोळी अजून लागते का, हे ज्यांनी दिली त्यांना विचारा. परस्पर बंद करू नका. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर थोडं काही खाऊन घ्या. थोडं कमी शोषलं गेलं तरी चालेल, पण गोळी सुटायला नको.

लिंबूपाण्याबरोबर घ्यावी का, असंही बरेच जण विचारतात. घ्या, तोटा नाही. पण क जीवनसत्त्वाची खरी करामत जेवणात दिसते. भाज्या-कडधान्यांतलं लोह फेरिक रूपात असतं, ते शोषलं जाण्याजोग्या फेरस रूपात आणायला क जीवनसत्त्व मदत करतं. गोळीतलं लोह बहुधा आधीच फेरस असतं, त्यामुळे तिथे फरक फार पडत नाही. लिंबू पिळायचंच तर ताटातल्या भाजीवर पिळा.

दिवसाला दोन गोळ्या घेतल्या तर दुप्पट लवकर भरून निघेल, हाही हिशेब चुकतो. मोठा डोस गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि पुढचे सुमारे २४ तास आतडं लोह कमी घेतं. म्हणून हल्ली अनेक डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात. प्रत्येक गोळीतलं जास्त लोह आत जातं आणि पोटाची तक्रारही कमी होते. तुमच्या डॉक्टरांशी याविषयी जरूर बोला.

गोळीच्या वेष्टनावरही एकदा नजर टाका. फेरस फ्युमरेट ३०० मि.ग्रॅ. म्हणजे प्रत्यक्ष लोह साधारण १०० मि.ग्रॅ., पण फेरस ग्लुकोनेट ३०० मि.ग्रॅ. म्हणजे जेमतेम ३५. मोठा आकडा संयुगाचा असतो, लोहाचा नव्हे.

वेळा सुधारल्यावर चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान १ ने वाढायला हवं. नाही वाढलं तर गोळ्या बदलत बसण्यापेक्षा कारण शोधायला लागा: पाळीतला जास्त रक्तस्राव, पोटातून छुपा रक्तस्राव, सीलिॲक आजार (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो), किंवा मुळात लोहाची कमतरता नसून थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष). त्यासाठी फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी, तपासलेलं नसेल तर ते आधी करून घ्या. आणि आकडा सुधारला म्हणून लगेच थांबू नका. रक्त भरलं तरी साठा रिकामाच असतो. तो भरायला पुढे सुमारे तीन महिने लागतात.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत. घरात लहान मूल असेल तर या गोळ्या कुलपात ठेवा. गोड, रंगीत आवरणाच्या थोड्या गोळ्यासुद्धा मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

प्रश्न: बी-कॉम्प्लेक्स सुरू केल्यापासून लघवी गर्द पिवळी होते. मूत्रपिंडाला त्रास तर होत नाही ना?

उत्तर: नाही. तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-२ चा. शरीराने हवं तेवढं ठेवलं आणि बाकीचं बाहेर टाकलं. गोळीतला बराचसा माल असा वाहून जातो, एवढंच त्यातून कळतं.

प्रश्न: वडिलांना ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची गोळी आठवड्याला एक अशी लिहून दिली होती. त्यांनी ती रोज एक घेतली. आमच्या लक्षात येईपर्यंत १२ गोळ्या झाल्या होत्या. दोन दिवसांपासून त्यांना खूप तहान लागते आणि शौचाला साफ होत नाही. जीवनसत्त्वच आहे, तर काळजीचं कारण आहे का?

उत्तर: आहे. हा अंक हाती असेल त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे न्या. १२ गोळ्या म्हणजे ७,२०,००० युनिट. प्रौढांची रोजची गरज ६०० ते ८०० युनिट आणि स्वतःच्या मनाने घेण्याची वरची मर्यादा ४,००० धरली जाते.

ब गटातली आणि क ही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, त्यामुळे जास्तीची बरीचशी लघवीवाटे निघून जातात. अ, ड, ई आणि के स्निग्धात विरघळतात. त्यातली अ आणि ड विशेषतः अंगात साठून राहतात आणि गोळी थांबवली तरी लगेच उतरत नाहीत. ड वाढलं की आतडं जास्त कॅल्शियम ओढतं, हाडांतूनही ते सुटतं, आणि रक्तातलं कॅल्शियम चढतं. तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, सुस्ती, बोलण्यात गोंधळ ही त्याचीच लक्षणं, आणि यातली दोन तुम्ही स्वतःच लिहिली आहेत. तपासायचं ते रक्तातलं कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळायला) आणि २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (रक्तातलं ड). तोवर ड ची गोळी बंद, आणि कॅल्शियमची चालू असेल तर तीही बंद. आज कॅल्शियम ठीक आलं तरी काही आठवड्यांनी पुन्हा बघावं लागेल, ते डॉक्टर सांगतील.

ही चूक फार सोपी आहे, कारण घरातल्या बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. आठवड्याची गोळी रोजच्या डब्यात ठेवूच नये. वेष्टनावर पेनाने वार लिहावा, आणि खरेदीही महिन्याला चारच गोळ्यांची करावी. वेष्टनावरची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असेल तर ४० ने गुणा, म्हणजे युनिट मिळतील.

प्रश्न: खिडकीच्या काचेतून रोज अर्धा तास ऊन घेते, तरी ड कमीच. असं का?

उत्तर: काच ऊब आत सोडते, पण त्वचेत ड तयार करणारे यूव्ही-बी किरण जवळजवळ सगळे अडवते. खिडकी उघडा किंवा बाहेर बसा.

प्रश्न: मुलाला जुलाब झाले की ओआरएसची एक चमचा पावडर ग्लासभर पाण्यात घालून देतो आणि पाकीट दुमडून ठेवतो. चव आवडावी म्हणून थोडी साखर वाढवतो. बरोबर आहे ना?

उत्तर: दोन्ही गोष्टी थांबवा. ओआरएस हे सरबत नाही, ते मोजून केलेलं औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार लिटरभर पाण्यासाठी ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६, ट्रायसोडियम सायट्रेट २.९ आणि पोटॅशियम क्लोराइड १.५, मिळून २०.५ ग्रॅम. आतड्याच्या पेशींत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बहुधा शाबूत असते, म्हणून तर हा उपाय चालतो. पण प्रमाण बिघडलं की उलटं होतं. साखर जास्त झाली तर तीच आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. पावडर जास्त झाली तर रक्तातलं सोडियम चढतं. कमी झाली तर नुसतं पाणी जातं, क्षार भरून येत नाहीत. चमच्याने काढलेल्या पावडरीत मीठ किती आणि ग्लुकोज किती आलं, हे सांगता येत नाही. शिवाय उघडं पाकीट ओल धरतं.

पाकिटावर किती पाण्यासाठी ते वाचा, कारण काही १ लिटरची असतात, काही २०० मि.लि.ची. उकळून गार केलेलं पाणी मोजून घ्या, आख्खं पाकीट ओता, ढवळा, झाकून ठेवा. दूध, फळाचा रस किंवा सोडा मिसळू नका. विरघळल्यावर पुन्हा उकळू नका. २४ तासांनी उरलेलं टाका. प्रत्येक पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मि.लि., त्याहून मोठ्याला १०० ते २००. लहान मुलाला दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून आणखी सावकाश सुरू करा. ग्लास तोंडाला लावून घटाघट पाजणं हेच बऱ्याचदा उलटीचं कारण असतं. अंगावरचं दूध आणि नेहमीचं खाणं चालू ठेवा. सोबत झिंक १० ते १४ दिवस: सहा महिन्यांखाली रोज १० मि.ग्रॅ., पुढे २०. जुलाब थांबले तरी कोर्स पुरा करा.

पाकीट हाताशी नसेल तर १ लिटर पाण्यात ५ मि.लि.च्या चमच्याने साखर ६ चमचे आणि मीठ अर्धा चमचा, दोन्ही सपाट. शीग काढलेला चमचा चालणार नाही. यात पोटॅशियम नसतं, त्यामुळे ही पाकीट मिळेपर्यंतची सोय समजा.

मूल गुंगीत असेल, पीत नसेल, डोळे खोल गेले असतील, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश जागेवर येत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर घरी थांबू नका.

प्रश्न: रोज आठ ग्लास पाणी प्यायलाच हवं का? मी चार लिटरवर पोचलो आहे. शरीरातली विषारी द्रव्यं निघून जातात म्हणे.

उत्तर: आठ ग्लासांचं मूळ अनेकदा १९४५ च्या एका अमेरिकन शिफारशीत दाखवलं जातं. तिथे दिवसाला अडीच लिटर म्हटलं होतं खरं, पण लगेच पुढे यातलं बरंचसं पाणी अन्नातूनच मिळतं असंही होतं. लोकांनी पहिलं वाक्य उचललं, पुढचं राहून गेलं. युरोपीय शिफारस बायकांना २ आणि पुरुषांना २.५ लिटर सांगते, तीही अन्नातलं पाणी, चहा, दूध सगळं धरून. ऊन, श्रम, ताप, स्तनपान यांत गरज वाढते. मूतखडा झालेल्यांचा हिशेब वेगळा: किती प्यायलं यापेक्षा दिवसाला अडीच लिटर लघवी होते का, ते बघायचं.

टाकाऊ द्रव्यं बाहेर टाकायला मूत्रपिंडाला रोज किमान अर्धा लिटर लघवी लागते. त्यावर दुप्पट-चौपट पाणी ओतलं म्हणून धुलाई जास्त होत नाही, लघवी पातळ होते. चार लिटर दिवसभरात विभागून निरोगी माणसाला सहसा बाधत नाहीत. धोका आहे तो तासाभरात भराभर पिण्यात. मूत्रपिंडं तासाला साधारण ८०० मि.लि. ते १ लिटर बाहेर टाकू शकतात. त्यापुढचं पाणी रक्तातलं सोडियम पातळ करतं. ते १३५ या नेहमीच्या खालच्या मर्यादेच्या बरंच खाली गेलं की डोकं दुखतं, उलट्या होतात, झटकेही येतात. लांब पल्ल्याच्या शर्यतींत हे घडलेलं आहे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांनी ठरवलेलं माप तेवढंच. उतारवयात मात्र तहानेवर विसंबू नये, ती बोथट होते. लघवी फिकट पिवळी आहे ना, यावर लक्ष ठेवा.

प्रश्न: भाजी चिरून तासभर पाण्यात ठेवते, स्वच्छ होते म्हणून. सत्त्व जातं का?

उत्तर: जातं, क, फोलेट आणि बी-१ पाण्यात उतरतात. आधी आख्खी धुवा, मग चिरा. उकडलेलं पाणी ओतून देऊ नका, आणि रंग टिकवायला खायचा सोडा तर अजिबात नको, त्याने बी-१ नासतं.

प्रश्न: मांसाहार करत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे. फोलिक ॲसिडच्या गोळ्यांनी रक्त सुधारलं, पण पायांना मुंग्या वाढत चालल्या आहेत.

उत्तर: बी-१२ तातडीने तपासा. फोलिक ॲसिड बी-१२ च्या कमतरतेने झालेला ॲनिमिया झाकतं, नसांची हानी मात्र आत चालूच राहते, आणि ती जुनी झाली की पुरती भरून येईलच असं नाही. मुंग्या मधुमेहानेही येतात, म्हणून अंदाजावर राहू नका. मेटफॉर्मिनने बी-१२ चं शोषण घटतं, आणि आहारात मुळातच ते थोडं. कपभर दुधात साधारण १.२ मायक्रोग्रॅम, तर रोजची गरज २.४. स्पिरुलिनावर (शेवाळासारख्या सूक्ष्मजीवाची पूड) भिस्त ठेवू नका, त्यातलं बहुतेक बी-१२ माणसाच्या उपयोगाचं नसतं.

गोळीवर १,००० मायक्रोग्रॅम वाचून दचकायला होतं. जठरात तयार होणाऱ्या इंट्रिन्सिक फॅक्टर नावाच्या प्रथिनाच्या मदतीने एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषले जातात. बाकीच्यातला सुमारे १ टक्का आपसूक झिरपतो. म्हणजे हजारातले दहा-बारा अंगी लागतात आणि तेवढे पुरतात. मुंग्यांसारखी नसांची लक्षणं असतील तर डॉक्टर बहुधा इंजेक्शननेच सुरुवात करतील.

प्रश्न: केसांसाठी बायोटिन घेते. थायरॉइडचा रिपोर्ट अचानक बिघडला, त्रास काहीच नाही.

उत्तर: रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम, केसांच्या गोळीत ५,००० ते १०,०००. काही तपासण्यांच्या रसायनांतच बायोटिन वापरलेलं असतं, त्यामुळे रक्तातलं जास्तीचं बायोटिन थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दाखवू शकतं. थायरॉइडचं औषध सुरू करण्याआधी निदान दोन दिवस, मात्रा मोठी असेल तर आणखी काही दिवस, गोळी बंद ठेवून पुन्हा तपासा, आणि नमुना देताना प्रयोगशाळेला सांगा. हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीतही हीच गडबड होते. तिथे आकडा खोटा कमी येतो, म्हणून छातीत दुखून रुग्णालयात जावं लागलं तर बायोटिन घेत असल्याचं तिथे पोचताच सांगा.