सराफाकडे ११ महिन्यांची सुवर्णभिशी लावावी की बँकेत आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची ठेव)?

बचतच करायची असेल तर आरडी लावा. एका बँकेतल्या तुमच्या ठेवींना व्याजासकट ५ लाख रुपयांपर्यंत डीआयसीजीसी या रिझर्व्ह बँकेच्या ठेवविमा संस्थेचं विमासंरक्षण असतं. भिशीच्या हप्त्यांना ते नाही. दुकानाला टाळं लागलं तर कार्डावरचे शिक्के दाखवत फिरायची पाळी येते, आणि त्यात बहुतेकदा घरखर्चातून मागे टाकलेला पैसा असतो. २०१४ च्या ठेव-नियमांनुसार कंपनीला मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालाच्या किमतीत वळती करावी लागते, म्हणून या योजना ११ महिन्यांच्या. शिवाय शेवटी हाती रोकड नाही, दागिना येतो. घडणावळ आणि जीएसटी धरला तर सराफ देतो ती ‘एक हप्ता आमच्याकडून’ची सूट बरीचशी तिथेच जिरते. घरात लग्न ठरलंय, दागिना घ्यायचाच आहे, तर भिशी चालेल; मात्र घडणावळीचा दर आधीच लिहून घ्या.