घरातल्या जुन्या सामानात मिळालेला कॉर्कस्क्रू (बाटलीचं बूच काढायचं पिळाचं हत्यार) खरंच १०० वर्षांपूर्वीचा आहे का, हे कसं ओळखायचं?

गंज किंवा काळपटपणा पाहून नाही, त्यावरच्या खुणा वाचून ओळखायचं. गंज वर्षभरातही चढवता येतो, नोंदणीची खूण मात्र बरंच सांगून जाते. चौकटच्या पत्त्यासारखी खूण आणि तिच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरं-आकडे दिसले, तर ती १८४२ ते १८८३ दरम्यानची ब्रिटिश डिझाइन नोंदणी. त्या अक्षरांवरून वर्षही काढता येतं. १८८४ पासून तिच्या जागी साधा नोंदणी क्रमांक आला. खूण नसेल तर रचना बघा. बुचात घुसणारा पीळ वर, मुठीच्या बाजूला जिथे संपतो तिथे बटणासारखी चकती असेल, तर ती सॅम्युअल हेन्शल या इंग्रज पाद्र्याची युक्ती, पेटंट १७९५ चं: चकती बुचावर टेकली की बूचच गोल फिरतं आणि काचेपासून सुटतं. वेटरच्या खिशातला घडीचा प्रकार कार्ल विएन्केचा, जर्मनी, १८८२.

पण पेटंटचं साल म्हणजे बनवल्याचं साल नव्हे. वस्तू त्याआधीची नाही, एवढंच त्यावरून कळतं; लोकप्रिय नमुने पुढे कित्येक दशकं निघत राहिले. आणि हो, मुठीच्या टोकाला झडलेला ब्रश असेल तर तो उपटू नका. बाटलीच्या तोंडावरची धूळ झटकायला तो मुळातच दिलेला असायचा. पॉलिशही नको, पुसट अक्षरं त्यातच जातात.